टेबल आलं आणि माझ्यावर चादर पडली

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. जन्म कारखान्यातला, पण वळण लावलं ते या घरच्या आईने. अख्ख्या गल्लीचे पडदे आणि शाळेचे गणवेश माझ्या सुईखालून गेले. बायका म्हणायच्या, "टाका काय सुरेख पडतो हो!" कौतुक आईचं व्हायचं, फुगायचे मी.

घरची लेक चिमी माझ्याच फळीला पुस्तक टेकवून मोठ्याने अभ्यास करायची. पाय मारता मारता आई विचारायची, "म्हणजे काय गं? नीट सांग." चिमी पुन्हा सांगायची आणि सांगता सांगता तिलाच उमगायचं.

नववीत गणिताचे सर भर वर्गात म्हणाले, "तुझं डोकं शिवणकामापुरतंच." पोर मिटून गेली. मार्क घसरले. बाबांना वाटलं, माझ्याच खडखडाटाने. त्यांनी चकचकीत टेबल आणलं, आतल्या खोलीत मांडलं, चिमीला बसवलं आणि दार लावून घेतलं. माझ्यावर चादर टाकून मला गप्प केलं.

काय मेलं त्या टेबलाचं कौतुक! ना चाक, ना पट्टा, नुसतं आयतं उभं. तरी त्याच्यावर नवा दिवा, त्यालाच रोज पुसणं. मी चादरीखाली जळत होते. सहामाहीत चिमी गणितात नापास झाली, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. बसा आता टेबलाची आरास करत!

पण त्याच संध्याकाळी चिमी म्हणाली, "आई, सर बरोबर बोलले. मी शाळा सोडते. मला शिवण शिकव."

मला ती परत हवी होती, मित्रांनो. पण अशी हरलेली नको होती.

आईने चादर खसकन ओढली. "शिकवीन की! पण डोकं नसलेल्यांचं काम आहे होय गं हे? आधी पेपरात चुकलेला तो त्रिकोण मला समजव. बस इथं."

"त्या खोलीत इतकं शांत असतं ना आई," चिमी रडत म्हणाली, "की सरांचं तेवढं बोलणं ऐकू येतं."

बाबा दारातच होते. त्यांनी टेबल ओढत बाहेर आणलं. आणि लावलं कुठे? माझ्या शेजारी!

चिमी वार्षिक परीक्षेत पास झाली. जेमतेम, पण मान वर करून घरी आली. टेबलाशी मी अजून बोलत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही आईबाप व्हाल. मुलांना टेबल जरूर घ्या, पण दार लावून निघून जाऊ नका. जवळ बसा. आणि घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घाला, नाहीतर तिचा जीव जळतो.