चहात काहीतरी आहे

लिफ्टच्या दोराकडे आधी संशयाने बघावं, मग हात लावावा, असं मिस्त्री नव्या कामगारांना सांगत असे. घरातही त्याची नजर तीच. शेजाऱ्याचं हसू असो की मेहुण्याची मदत, तो एकदा ताणून बघणारच.

त्या वर्षी मात्र त्याचंच काहीतरी बिघडलं. पहाटे जाग यायची ती छातीवर दगड ठेवल्यासारखी. घास घशाखाली उतरेना. लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत तो पाना हातात धरून नुसता बसून राही. शेवटी बायकोने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी बरंच काही विचारलं, हे नैराश्य आहे असं सांगितलं आणि एक गोळी सुचवून तिचं नाव लिहून दिलं. "विचार करून सांगा, घाई नाही," त्या म्हणाल्या.

घाई नाही म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, असं मिस्त्रीला वाटलं. त्यात मेहुणा औषधाच्या दुकानात कामाला. संध्याकाळी त्याचा फोन आलाच. "दाजी, आणून देऊ का?"

"वेड्याची गोळी मी खाणार नाही," मिस्त्रीने फोन ठेवून बायकोला बजावलं.

"नका खाऊ," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

छत्री न्यायची की नाही यावर तासभर वाद घालणारी बाई एवढ्या सहज कशी गप्प बसली? मिस्त्रीला चैन पडेना. पुढे सदऱ्याचं बटण शोधताना त्याने तिचा शिवणाचा डबा उघडला. रिळांच्या खाली गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट होतं. नाव तेच, डॉक्टरबाईंनी लिहिलेलं. सुतावरून स्वर्ग गाठायला त्याला एवढं सूत पुरेसं होतं. ही माझ्या चहात गोळी घालतेय.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचा चहा स्वतः करू लागला.

"चांगला करता की," बायको म्हणाली. "मलाही टाका अर्धा कप."

कामावर जेवणाचा डबा नेणंही त्याने बंद केलं. सुट्टीच्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना त्याने पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"हे किती दिवस घालतेयस माझ्या चहात?"

ती आधी हसली. मग हातातला टॉवेल तिने पुन्हा पुन्हा सारखा केला. "माझ्या आहेत त्या. गेल्या वर्षापासून घेते."

गेल्या वर्षी ती स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली होती. दर आठवड्याला कुठेतरी जाऊन यायची. मिस्त्री एकदा तिच्या मागेमागे कोपऱ्यापर्यंत गेला होता.

"मला तेव्हा वाटलं..."

"काय वाटलं ते ठाऊक आहे. दुकानाच्या काचेत बघून भांग पाडत उभे होतात. डोक्यावर केस चार आणि म्हणे भांग. डॉक्टरकडेच जात होते मी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"वेड्याची गोळी म्हणाला असतात."

मिस्त्री खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तुला गुण आला, तर मला घ्या म्हणून का सांगत नाहीस?"

"पहिली गोळी मला मानवली नव्हती. मळमळायचं. आई गेली तेव्हा रडूसुद्धा येईना. मग बदलून दिली, ती लागू पडली. तुम्हाला पडेलच असं कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं असतं, तर त्यात माझा काय फायदा ते शोधत बसला असतात."

ते दोघं पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. मिस्त्री तयारीनेच गेला होता.

"या गोळीमागे तुम्हाला किती सुटतात?"

"काही नाही. घेतलीत काय, न घेतलीत काय, माझी फी तीच."

"सवय लागते?"

"नशेसारखी नाही. पण मनाने एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची."

"मी उंचावर काम करतो."

"हे मी मागेच विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला झापड येऊ शकते. अंदाज येईपर्यंत खालची कामं घ्या."

"आणि नाहीच घेतली तर?"

"त्रास हलका असेल तर बोलून केलेला उपचारही पुरतो. तुमची झोप, जेवण, काम, तिन्ही बिघडलंय, म्हणून मी दोन्ही सुचवतेय. गुण यायला काही आठवडे लागतील. मधे जगणं नको असं वाटलं, तर लगेच कळवायचं."

मिस्त्री खाली बघत राहिला. "ते वाटतंच होतं," तो म्हणाला. "वर काम करताना."

बायकोने त्याचा हात धरला. बाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी बाहेरच्या लोकांना बरंच थांबावं लागलं.

मिस्त्रीने गोळी सुरू केली. मेहुण्याच्या दुकानातून मात्र घेतली नाही. पहिले काही दिवस पोट बिघडलं, तोंडाला कोरड पडली, पाकीट फेकून द्यावंसं वाटलं. पुढे भूक लागू लागली तेव्हा त्याने त्याचं श्रेय बदललेल्या हवेला दिलं. काही सकाळी अजून जड जातात, पण झोप येते, आणि दर आठवड्याला तो बोलायला जातो.

वर्कशॉपमध्ये जोडीदाराने विचारलं, "हल्ली वर का चढत नाहीस?"

"मनाच्या आजाराची गोळी चालू आहे."

जोडीदाराने पाने पुसून पेटीत ठेवले. निघताना जवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरांचा पत्ता दे. मेहुणीसाठी हवाय."

जोडीदाराला मेहुणी नव्हती. मिस्त्रीने पत्ता लिहून दिला आणि काही विचारलं नाही.