खोट्या डॉक्टरच्या गळ्यात

मी स्टेथोस्कोप. डॉक्टरांच्या गळ्यात तुम्ही मला पाहिलंच असेल. पण माझा आत्ताचा मालक डॉक्टर नाही, म्हणून तर मला तोंड उघडावं लागतंय.

तळेगावात एका डॉक्टरीणबाईंकडे मी एकोणीस वर्षं काढली. बाई तापट, पण थंडीत मला आधी तळहातावर चोळून मगच पेशंटच्या छातीला लावायच्या. त्या गेल्या, मुलाने दवाखाना आवरला आणि मी लोणावळ्यातल्या एका बंगल्यात येऊन पडलो. तिथे हॉस्पिटलच्या मालिकेचं शूटिंग चालतं. मला नायकाच्या, म्हणजे सुहासच्या गळ्यात घातलं. कानात मात्र त्याने मला एकदाही घातलं नाही. केस विस्कटतात म्हणे.

मालिकेतला हा डॉक्टर सुरुवातीला भलताच गर्विष्ठ होता. त्याला माणसात आणायचं म्हणून लेखकाने चार नंबरच्या खाटेवर एक बेवारस म्हातारी आणून ठेवली. तो तिला रोज तपासतो, आई म्हणतो, हळूहळू विरघळतो. प्रेक्षकांना हे मायलेकरांचं नातं फार आवडलं. कॅमेरा बंद झाला की हाच लेक हात सॅनिटायझरने चोळायचा आणि म्हातारीच्या अंगाला धुराचा वास येतो अशी तक्रार करायचा.

म्हातारी म्हणजे डोंगरातल्या वाडीवरच्या सावित्राबाई. उन्हातान्हात राबण्यापेक्षा पडून राहायचं काम बरं, म्हणून आलेल्या. त्यांच्या छातीला मला पहिल्यांदा टेकवलं तेव्हाच मी चरकलो. दर ठोक्याबरोबर आत फुसफुस चालली होती. माझ्या बाईंनी त्यांना त्याच दिवशी पुण्याला धाडलं असतं.

सावित्राबाईंची लेक हर्षदा सरकारी दवाखान्यात चल म्हणून आईच्या मागे लागली होती. एकदा चहाच्या सुट्टीत सावित्राबाईंनी सुहासलाच विचारलं, "डाक्तर, चढ चढताना लय धाप लागती. काय न्हाई ना?"

सुहासने बाकीच्यांना डोळा मारला. मला गळ्यातूनच पुढे ओढून त्यांच्या छातीला लावलं आणि मालिकेतल्या मऊ आवाजात म्हणाला, "आई, तुमचं हृदय ठणठणीत आहे. शंभर वर्षं जगाल."

सगळे पोट धरून हसले. सावित्राबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सेटवर सांगितलं, की घरी जाऊन लेकीला गप्प केलं: येवढा मोठा डॉक्टर रोज तपासतो, काही असतं तर बोलला नसता का. हर्षदालाही ते पटलं. मला छातीतलं सगळं ऐकू येत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो, याची मला आजही लाज वाटते.

दीड महिन्याने वाडीच्या चढावर सावित्राबाई बसल्या त्या उठल्याच नाहीत. सेटवर बातमी आली तेव्हा सुहासने लेखकाला विचारलं, "मग आता माझ्या ट्रॅकचं काय?"

दुपारपर्यंत तोड निघाली. दुसऱ्याच एका बाईला डोक्यावरून चादर घालून झोपवलं आणि सुहास मला मुठीत आवळून तिच्यावर कोसळून रडला. त्या रडण्याला बक्षीस मिळालं.

परवा तळेगावजवळच्या इंदुरी गावात आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला त्याला बोलावलं होतं. मलाही घालून नेलं. गर्दीतून हर्षदा पुढे आली. आता ही ह्याला जाब विचारणार, म्हणून मी आसुसून वाट बघत होतो. ती वाकून त्याच्या पाया पडली.

"आई गेली तवा टीव्हीवर तुमी लय रडला," ती म्हणाली. "आमच्यात कोनी येवढं रडलं न्हाई."

सुहासने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटो निघेपर्यंत तो काढला नाही. मग शिबिराला आलेली माणसं एकेक करून त्याच्यासमोर उभी राहिली, शर्टाची वरची बटणं सोडून.

कुणीतरी मला ह्याच्या गळ्यातून काढा हो. भंगारात टाकलंत तरी चालेल. तिथे निदान माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.