घरघर नसलेली ओळ

जीवरामने ती ओळ सकाळपासून अकराव्यांदा ऐकली, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि चिडून बसला. ओळ सुरेख होती. सुरेख होती हीच तर भानगड होती.

गाणं त्याचं. शब्द त्याचे, चाल त्याची, पेटी त्याने वाजवलेली आणि गळाही त्याचाच, असं निदान आदल्या संध्याकाळपर्यंत त्याचं ठाम मत होतं. संध्याकाळी धुळ्याहून झुलाल नावाच्या माणसाचा फोन आला. खान्देशी गाण्यांचा कसलासा मेळावा भरवणारा हा माणूस. "नाना, तुमनं गाणं आमना धुयामा बठ्ठास्नी आयकं," तो म्हणाला. "ती वरली ओय शे ना, अंगवर काटा उभा ऱ्हास. ऐतवारले या, पेटी लई या. ती ओय आमले समोर बसीसन आयकनी शे." म्हणजे गाणं धुळ्यात सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि वरच्या सुरात जाणारी ती ओळ त्यांना रविवारी समोर बसून ऐकायची होती.

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला स्टेजवर गायला कुणी पहिल्यांदाच बोलावलं, तर त्याचं काय होईल? जीवराम रात्रभर कूस बदलत राहिला आणि उजाडताच रियाजाला येऊन बसला. वरची ओळ आपण नेमकी कशी घेतली होती, ते एकदा ऐकावं आणि तशीच घोटावी, एवढाच त्याचा बेत होता. ऐकता ऐकता त्याला कळलं की त्या ओळीत घरघर नाही.

ही घरघर काय, ते सांगायला हवं. रावेरपासून दोन-अडीच कोसांवर जीवरामचा केळीचा मळा आहे, आणि मळ्यातली पॅकिंगच्या सामानाची खोली हीच त्याची गाण्याची खोली. केळीच्या फण्यांमध्ये घालतात ते पांढरे फोमचे तक्ते त्याने चारी भिंतींना चिकटवलेले, त्यावर जुन्या गोधड्या. मध्ये स्टँडवर माइक. तोंडाची फुंकर माइकवर जाऊ नये म्हणून समोर बायकोच्या, म्हणजे सुनंदाबाईच्या, भरतकामाच्या रिंगेला ओढणी ताणून बसवलेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, वायर निघाली की तो मेलाच. त्यामुळे शेतीची लाइट असेल तेव्हाच गायचं. ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आणि लाइट आली की भिंतीपलीकडच्या विहिरीवरची मोटार सुरू व्हायची. पांढरी पाच आणि काळी चार या दोन पट्ट्यांच्या मधोमध तिचा सूर. पेटीत न सापडणारा, पण माइकला हमखास सापडणारा.

मोटार हितेंद्रची. हितेंद्र म्हणजे जीवरामचा सख्खा धाकटा भाऊ, आणि सहा वर्षांपासून सख्खा शत्रू. सप्ताहात, अख्ख्या भजनी मंडळासमोर तो म्हणाला होता, "भाऊ, पट्टी उतरव. वरचा सूर आता तुह्याकडून होत नही." जीवरामने तिथल्या तिथे पेटी मिटली. मंडळ सोडलं, भावाशी बोलणं सोडलं, आणि जळगावहून माइक आणून स्वतःचं दुकान स्वतः थाटलं. तेव्हापासून त्याने तोंड उघडलं रे उघडलं की पलीकडे मोटार सुरू. हा निव्वळ योगायोग आहे, असं मानायला जीवराम काही दुधखुळा नव्हता.

जळगावात मेहरूणला राहणारा प्रेमराज त्याची गाणी नीटनेटकी करून इंटरनेटवर टाकायचा. कॉम्प्युटरवर तो ती घरघर पुष्कळ कमी करी, पण जीवरामच्या कानाला ती तळाशी सापडायचीच. या गाण्यातही होती. धृपदात होती, पेटीच्या तुकड्यात होती, शेवटपर्यंत होती. फक्त वरच्या ओळीत आवाजाखाली काहीही नव्हतं. स्वच्छ. म्हणजे ती ओळ गायली गेली तेव्हा लाइट होती, पण मोटार बंद होती. आणि ती मोटार बंद करणारा हात या जगात एकच होता.

जीवरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या भावांचे आवाज सारखे. फोनवर नातेवाइकांचीही गल्लत व्हायची. हे चोराचं सोंग त्याच्या खोलीत येऊन, त्याच्या माइकसमोर, त्याच्या गाण्यात गाऊन गेलं होतं! आणि आपण तीन महिने तीच ओळ ऐकून "काय लागलाय आपला गळा" म्हणत मिशीत हसत होतो, हे आठवून तर त्याला कानकोंडं झालं.

त्याने माइकचा स्टँड बघितला. त्याच्या ओठांपेक्षा चार बोटं वर. हितेंद्र त्याच्याहून उंच होता.

"गाण्याच्या खोलीत कोन येते?" दुपारी जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोन येईन?" सुनंदाबाई भाकरी उलटत म्हणाली. "मी झाडायले जाते तेवढीच. काबरं?"

"स्टँड वर सरकेल होता."

"झाडताना धक्का लागला असीन." तिने भाकरी पुन्हा उलटली. ती भाजून झालेली होती.

त्या घटकेपासून जीवरामला घरातलं कुणीच सरळ दिसेना. बायको फोनवर बोलताना ओट्याकडे तोंड का करते? खोलीची किल्ली रोज त्याच खिळ्यावर असते, मग आज तिचा दोरा उलटा कसा? तेहेतीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या हाताकडे तो चोरून बघू लागला. हे आपल्याला शोभत नाही, असंही त्याला वाटत होतं. पण बघणं काही थांबेना.

बुधवारी त्याने मुद्दाम एक नवं गाणं रेकॉर्ड केलं. वरच्या ओळीसकट. मोटार चालू होतीच. गुरुवारी पेन ड्राइव्ह घेऊन तो स्वतः मेहरूणला गेला. प्रेमराजच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कीबोर्डपासून पलंगापर्यंत वायरींचं नुसतं जाळं. प्रेमराज गुंतलेल्या वायरी सोडवत बसला होता.

"मागच्या गाण्यात वरच्या ओळीची घरघर बरी काढली तुम्ही," जीवराम म्हणाला.

"हो, एक नवीन सॉफ्टवेअर आलंय, नाना."

"मग बाकीच्या गाण्याची काबरं नही काढली?"

प्रेमराजला वायरीत अचानक फार मोठी गाठ सापडली. "ते काय आहे, प्रत्येक ठिकाणी ते चालत नाही." मग नवं गाणं लावून त्याने ऐकलं. वरची ओळ आली तसा तो पटकन म्हणाला, "ही परत घ्यावी लागेल. म्हणजे, तुम्ही नका त्रास घेऊ. मी बघतो."

तुम्ही नका घेऊ! जीवरामला हवं होतं ते मिळालं. हाही त्यांच्यातलाच.

परतीच्या बसमध्ये त्याने सगळा कट डोळ्यांसमोर मांडला. रविवारी धुळ्यात हॉल भरलेला असणार. आपण वरच्या ओळीपाशी येणार, आणि मागच्या खुर्चीवरून हितेंद्र उभा राहून म्हणणार, ही ओळ यांची नव्हे, माझी आहे, विचारा यांच्या बायकोला. सहा वर्षांपूर्वी मंडळासमोर झालं ते आता चार जिल्ह्यांसमोर. उरलेल्या आयुष्यात पेटीला हात लावायची सोय राहणार नाही. या विचाराने बसमध्ये बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारचा माणूस बघतोय असं वाटून त्याने खिडकीकडे तोंड केलं.

शुक्रवारी सकाळी तो सुनंदाबाईला म्हणाला, "जळगावले चाललो. वायर आनायची हे. सांजवेळी येईन." फाट्यापर्यंत गेला आणि बांधाबांधाने उलटा फिरून आपल्याच केळीत शिरून बसला. स्वतःच्या मळ्यात चोरासारखा. पानांवरचं दव पाठीवर पडत होतं आणि डास फोडून खात होते. लाइट आली. हितेंद्रची मोटार सुरू झाली आणि घरघरत राहिली. तास गेला. आपल्याला वेड तर लागलं नाही, असं जीवरामच्या मनात यायला लागलं.

तेवढ्यात मोटार थांबली.

त्याने कान टवकारले. लांबच्या मळ्यांतल्या मोटारी चालूच होत्या, म्हणजे लाइट गेली नव्हती. पलीकडच्या शेडमध्ये केळी धुणाऱ्या बायांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. आणि मग खोलीतून तो आवाज आला. जीवरामने बुधवारी गायलेली वरची ओळ, त्याचीच चाल, त्याच्याच हरकती, पण वर गेल्यावर कुठेही न अडखळणारी. ती इतकी सुंदर होती, की रागाने उठलेला जीवराम ती संपेपर्यंत केळीच्या खुंटाला धरून उभा राहिला.

मग त्याने दार ढकललं.

माइकसमोर हितेंद्र होता, डोळे मिटलेले. लॅपटॉपसमोर सुनंदाबाई, जिला टीव्हीचं बटन सापडत नाही असं जीवराम गावभर सांगायचा, ती माउसवर हात ठेवून पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघत होती. तिने आधी रेकॉर्डिंग थांबवलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"धुळ्यात उभा राहून सांगनार होता ना?" जीवराम ओरडला. "की हा आवाज माहा हे म्हणून?"

"मी धुळ्याले येऊनच नही राह्यलो, भाऊ," हितेंद्र म्हणाला. सहा वर्षांनी ऐकलेलं त्याचं पहिलं वाक्य.

"त्याईले मी बोलावलं," सुनंदाबाई मध्ये पडली. "पहिलं गाणं तुम्ही पाठवलं, तवा वरचा सूर फाटेल होता. प्रेमराजनं मले फोन केला, नानाले कसं सांगू म्हणे. कोन सांगनार तुम्हाले? एका मानसानं सांगितलं, तर त्याचं तोंड सहा वर्षं पाह्यलं नही तुम्ही. गाणं झालं तवा किती खूश होते. मंग मी दिराच्या दारात गेली."

"किती गाण्यांत?"

हितेंद्र माइकसमोरची ओढणी सारखी करू लागला.

"किती, इचारलं मी!"

"सातही," हितेंद्र म्हणाला. "निस्ती वरची ओळ. बाकी सारं तुह्यं हे, भाऊ. ती चाल मले सात जन्म सुचनार नही."

जीवराम फळीवर बसला. संशय खरा निघाला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. त्याला तर पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. काहीतरी धरून ठेवायला हवं होतं, म्हणून त्याने शेवटचा आरोप काढला.

"आन मोटार? मी गायले बसलो की तू मुद्दाम लावतो. तेही खोटंच का?"

हितेंद्रने मान खाली घातली. "ते खरं हे."

"काबरं?"

"तू वर गेला की शेडमधल्या बाया हसत, भाऊ. एक जन तर तुही नक्कल करे. मी त्याईले बोलून पाह्यलं. समोर गप राहेत, मांगून हसेत. तुह्यावर कोनी हसलेलं मले ऐकवे ना. मंग तुही पेटी वाजली की मी मोटार लावून दे. त्या आवाजात काही ऐकू जात नही." त्याने दाराबाहेर केळीकडे बघितलं. "दोन डाव त केळीले पानी जास्त होऊन मुळ्या सडल्या."

जीवरामने पेटी पुढे ओढली. भाता धरला, पट्टी लावली आणि गायला लागला. सुनंदाबाई "अहो" म्हणाली, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. धृपद झालं. वरची ओळ आली, त्याने छाती भरून ती उचलली, आणि ती मध्येच फाटली. गोधड्या आणि फोम लावलेल्या त्या शांत खोलीत पहिल्यांदा त्याने स्वतःला मोटारीशिवाय ऐकलं. सोडून न देता त्याने ती पुन्हा उचलली. पुन्हा तिथेच फाटली.

बाहेर शेडमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, आणि मागोमाग तीन-चार जणी.

हितेंद्र झटकन दाराकडे निघाला. मोटारीचं बटन बाहेर विहिरीपाशी होतं. जीवरामने बसल्या जागेवरून हात लांबवून त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "हसू दे त्याईले. इतकं फाटते?"

"व्हय," सुनंदाबाई म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"मंग ऐतवारी ती ओळ तू म्हणजो," जीवराम भावाला म्हणाला. "मी पेटी धरतो. झुलालले आताच फोन करून सांगतो, गानारे दोघं हेत."

"ऐतवारी पानी द्यायचं हे केळीले," हितेंद्र पुटपुटला.

"तुह्या केळीनं माह्यापायी लय पानी पेलं. एक दिवस राहीन तशीच."

हितेंद्रने मनगट काही सोडवून घेतलं नाही.