डावीकडचा स्पीकर

"सगळे डावीकडूनच येतात," ताई म्हणाल्या, "आणि मला मारून जातो तो उजवीकडचा."

मास्तर सोफ्यामागे गुडघ्यांवर बसून मागच्या डाव्या स्पीकरची वायर सोलत होते. सोलायची काहीएक गरज नव्हती. तांबं लख्ख होतं, पकड घट्ट होती, मागच्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने ती बसवली होती. पण हाताला काहीतरी चाळा दिल्याशिवाय त्यांना आज राहवत नव्हतं.

"सगळे म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"खेळातली जनावरं हो. धुकं असतं सगळीकडे, दिसत काही नाही. पाला वाजला की त्या बाजूला वळायचं आणि दिवा दाखवायचा. मी वळते डावीकडे, कारण तिथूनच आवाज मोठा येतो. तोपर्यंत उजवीकडचं जनावर मानेवर. टीव्हीला जोडलं होतं तेव्हा निदान बरोबरीने मरत तरी होते."

ताईंनी चाळिशी ओलांडलेली होती. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर कानाला फोन लावून बसणं ही त्यांची नोकरी. घाबरलेली माणसं पत्तासुद्धा धड सांगत नाहीत, तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा आणि गाडी धाडायची. घरी आलं की पडदे ओढून त्या गेम खेळत. या वयात हे काय, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "दिवसभर दुसऱ्यांचा जीव वाचवते. संध्याकाळी स्वतःचा वाचवला तर बिघडलं कुठे?"

गेमचं यंत्र त्यांनी आधी सरळ टीव्हीला जोडलं होतं. त्यामुळे खोलीत पाच स्पीकर असून वाजायचे समोरचे दोनच. मागचे दोघे न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे नुसते बसून असत. मास्तरांनी मागच्या महिन्यात येऊन केबल टीव्हीतून काढली, अँप्लिफायरमध्ये खोचली, तिथून दुसरी टीव्हीला नेली. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला पाच स्पीकर आहेत हे पटवून दिलं. हे काम कोणीही करतो. खरं काम त्याच्या पुढचं, आणि त्यासाठीच तर स्पीकरचा दुकानदार मास्तरांना पाठवायचा.

मास्तर ही पदवी काही शाळेतली नव्हती. शाळेशी त्यांचं फारसं पटलंच नाही. पदवी होती कानाची. अँप्लिफायरच्या खोक्यात बोटभर लांबीचा एक माइक येतो. तो माणूस बसतो त्या जागी ठेवायचा, बटण दाबायचं, मग अँप्लिफायर एकेका स्पीकरमधून आवाज काढून आपला आपण समतोल साधतो. दुकानातली नवी मंडळी तेच करत. मास्तर मात्र तो माइक गिऱ्हाइकाच्या हातात परत देत आणि म्हणत, "हा सांभाळून ठेवा. लागायचा नाही." मग सोफ्याच्या बरोबर मध्ये मांडी ठोकायची, डोळे मिटायचे आणि रिमोट हातात घेऊन चाचणीचा शूं-शूं आवाज खोलीभर फिरवायचा. या स्पीकरला थोडा चढव, त्याला थोडा उतरव. गिऱ्हाइकं श्वास रोखून बघत बसत. डोळे उघडून मास्तर "झालं" म्हणाले की ते झालं. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला "कसं वाटतंय?" असं विचारलं नव्हतं.

आणि आता ही तिसरी तक्रार होती. पहिल्या दोघांना मास्तरांनी "तुमचे पडदे जाड आहेत", "तुमच्या भिंतीला पोकळी आहे" असं काहीबाही सांगून वाटेला लावलं होतं. सिनेमा बघणारी माणसं, त्यांनी ऐकून घेतलं. पण आज सकाळी दुकानदार चहाचा कप पुढे सरकवत म्हणाला होता, "मास्तर, राग मानू नका. या वेळी जमलं नाही तर पुढची घरं पोरं करतील माइकने. तुम्ही काउंटरला बसा. पंखा आहे, खुर्ची आहे." त्या पंख्याचं आणि खुर्चीचं नाव काढल्यापासून मास्तरांच्या जिवाला चैन नव्हतं. काउंटरला बसून दुसऱ्यांना रिमोटचे सेल विकायचे, त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट?

"वायर बदलून बघतो," ते म्हणाले.

वायर बदलली. सोफ्यावर बसून डोळे मिटले. शूं-शूं आवाज फिरला. डावीकडे आला की मंदच. यात ताईंचं आणि त्यांचं गणित मुळातच उलटं होतं. ताई म्हणत होत्या डावा जास्त वाजतो, आणि मास्तरांना तो महिन्याभरात आणखीच उतरल्यासारखा वाटत होता. बाईमाणसाला कंट्रोल रूममध्ये फोन ऐकून ऐकून कानठळ्या बसल्या असतील, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. पण ती समजूत काही टिकेना. ते उठले. बसले. पुन्हा उठले.

"चहा टाकू?" ताईंनी विचारलं.

"नको. स्पीकर बदलतो."

डावा स्पीकर त्यांनी उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला. घामाघूम झाले. बसले, डोळे मिटले. डावीकडे मंद. मग अँप्लिफायर ओढून मागच्या खाचा अदलाबदल केल्या. डावीकडे मंद. म्हणजे स्पीकर नाही, वायर नाही, अँप्लिफायरही नाही. त्यांनी खाचा पुन्हा होत्या तशा केल्या. ताई भिंतीला टेकून बघत होत्या, एक शब्द बोलत नव्हत्या. फोनवर समोरचा माणूस गांगरला की आपण गप्प राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

उरली खोली. खोलीचाच दोष असेल तर तो एका भिंतीपाशी असणार. तपासायचं कसं, हे मास्तरांनी कितीतरी पोरांना शिकवलं होतं. उलटं तोंड करून बसायचं. भिंत जागची हलत नाही, त्यामुळे मंद आवाजही त्याच भिंतीपाशी राहायला हवा.

मास्तर सोफ्यावर गुडघे टेकून पाठीकडे तोंड करून बसले. वयाला शोभणारं ते आसन नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मघाची मंद भिंत खणखणीत वाजली. आणि मघाची खणखणीत भिंत मंद झाली.

ते सरळ वळले, ऐकलं. पुन्हा उलटे झाले, ऐकलं. पुन्हा सरळ. खोली तीच होती, स्पीकर तेच, वायर तीच. फिरले होते फक्त मास्तर, आणि त्यांच्याबरोबर तो दोष इकडून तिकडे फिरत होता.

गेलं वर्षभर डाव्या कानाला फोन लावला की नेटवर्क खराब लागायचं, म्हणून त्यांनी फोन बदलला होता. नव्या फोनचंही नेटवर्क डाव्या कानाला खराबच होतं. तेव्हा त्यांनी कंपनीच्या नावाने खडे फोडले होते. स्वतःच्या कानावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सोनाराने स्वतःच्या काट्यावर कधी संशय घेतलाय का?

"ताई," ते म्हणाले, "तो माइक आहे का हो तुमच्याकडे? मी परत दिलेला?"

ताईंनी तो खोक्यासकट आणला. मास्तरांनी उशीवर उशी रचून सोफ्याच्या मधोमध, जिथे ताईंचं डोकं येतं त्या उंचीवर माइक उभा केला. वायर अँप्लिफायरला लावली, बटण दाबलं.

"आता खोलीत कोणी नको. आवाजही नको," ते म्हणाले, आणि दोघं बाहेर बोळात येऊन उभी राहिली. दार ओढून घेतलं. आतून एकेक स्पीकर टॉक-टॉक वाजू लागला.

मास्तरांना एका जागी उभं राहवेना. चपलांचा स्टँड सरळ केला, भिंतीवरच्या मीटरचं झाकण लावलं, खिशातला पेचकस काढून पुन्हा खिशात ठेवला. काही वेळाने त्यांच्या लक्षात आलं की ताई त्यांना वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्यात.

"किती दिवस झाले असतील?" ताईंनी विचारलं.

"कशाला?"

"कानाला."

मास्तरांनी पेचकस पुन्हा खिशातून काढला. मग म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"मघाशी त्या बाजूला उभी राहून हेच विचारलं. दोनदा."

आत उजवा स्पीकर वाजला. डावाही वाजला असावा.

"वर्ष झालं असेल," मास्तर म्हणाले. "जास्तही असेल. हळूहळू गेला, तर कळणार कसं? मला वाटायचं स्पीकर हलके यायला लागलेत हल्ली. मी चढवत गेलो." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "वर्षभरात मी जेवढी घरं लावली, त्या सगळ्यांच्या डाव्या बाजूला बोंब आहे. आणि माणसं पैसे देऊन, वर चहा पाजून ती ऐकत बसलीत."

ताईंनी 'तसं नाही हो' वगैरे म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मास्तरांना ते सहनही झालं नसतं. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"आता दाखवीन."

"दाखवीन नाही. उद्या. आमच्या इथे माणसं 'बघू' म्हणतात आणि मग मला फोन येतो."

आतला आवाज थांबला. मास्तरांनी आत येऊन पडद्यावर पाहिलं. माइकने डावीकडचे दोन्ही स्पीकर चांगलेच खाली उतरवले होते. ताई सोफ्यावर बसल्या, गेम लावला. धुकं आलं, पाला वाजला. ताई उजवीकडे वळल्या, दिवा दाखवला, जनावर पळालं. मग मागून काहीतरी आलं तेव्हा त्या मागे वळल्या. मास्तर बाजूला उभे होते. त्यांना डावीकडचं धुकं रिकामंच ऐकू येत होतं.

रिमोट त्यांच्या हातात होता. एकच बटण दोन-चारदा दाबलं असतं, तर ती रिकामी बाजू त्यांच्यापुरती पुन्हा भरली असती. अंगठा बटणावर गेलाही. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"आता कोण कुठून येतंय ते कळतंय," ताई म्हणाल्या. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही, आणि मास्तरांना त्याबद्दल बरंच वाटलं.

खाली रस्त्यावर येऊन त्यांनी उजव्या कानाला फोन लावला.

"मालक, झालं काम. माइकने केलं."

"तुम्ही? माइकने?"

"माझा डावा कान गेलाय. वर्षभरातली सगळी घरं पुन्हा करायला लागतील."

"ज्यांची तक्रार नाही ती पण?"

"ती पण."

"अहो मास्तर, झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. आपण होऊन कोण कशाला सांगतं?"

"वायरी मी ओढीन, स्पीकर मी टांगीन. ऐकायचं काम माइक करील," मास्तर म्हणाले. "काउंटरला बसवायचंच असेल तर ही घरं झाल्यावर बसवा."

दुकानदार म्हणाला, "उद्या या. बोलू."

पण मास्तरांना उद्यापर्यंत दम निघत नव्हता. पहिलं घर कोणतं, हे त्यांना बोळातच कळून चुकलं होतं. आपलं स्वतःचं. तिथेही पाच स्पीकर होते, आणि तिथली डावी बाजू तर त्यांनी वर्षभरात दर चार दिवसांनी थोडी थोडी चढवली होती. मास्तरीणबाई आधी कुरकुरल्या होत्या, "अहो, या स्पीकरखाली बसवत नाही." त्यावर मास्तर म्हणाले होते, "तुझे कान तयार नाहीत." मग बाईंनी त्या विषयावर ब्र काढला नाही. फक्त आपली उशी उचलून सोफ्याच्या उजव्या टोकाला नेली आणि तिथेच बसायला लागल्या. तिकडे वारा बरा लागत असेल, असं मास्तरांना वाटलं होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. कपाटाच्या वरून आपल्या अँप्लिफायरचं खोकं काढलं. त्यातला माइक अजून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होता. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिल्या.

"हे काय नवीन?"

"जरा वेळ आत थांब. आवाज करू नकोस."

टॉक-टॉक झालं. मास्तरांनी माइक गुंडाळून ठेवला आणि टीव्ही लावला. कुठल्याशा समुद्रावरचा कार्यक्रम चालू होता. त्यांच्या उजव्या बाजूला लाटा फुटत होत्या. डावीकडे काही नव्हतं, जणू अर्धा समुद्र कोणीतरी काढून नेला होता. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तरी ते हलले नाहीत.

बाई हात पुसत बाहेर आल्या. उजव्या टोकाच्या आपल्या उशीकडे गेल्या, आणि मध्येच थांबून त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग डाव्या स्पीकरखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथेही ऐकलं. परत येऊन त्यांनी उशी उचलली, मास्तरांच्या समोरून डावीकडे नेली आणि त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशा बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांची जागा तीच होती, मधलं हे एक वर्ष सोडलं तर.

थोड्या वेळाने मास्तरांना खांद्यापाशी काहीतरी हललेलं जाणवलं. बाई पडद्याकडे बघत काहीतरी बोलल्या होत्या आणि हसत होत्या.

मास्तरांनी टीव्ही बंद केला. पूर्ण मान वळवून ते त्यांच्याकडे बघू लागले.

"परत सांग," ते म्हणाले. "या बाजूने मला ऐकू येत नाही."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी उठायला उशीवर हात टेकला, तोच मास्तरांनी तो हात धरून ठेवला.

"बस इथेच. सांग."

"काही नाही हो," बाई म्हणाल्या. "किती दिवसांनी शांत वाटतंय, असं म्हणत होते."