लाभाचं माप

“हात पुढे करा, बाई.”

चांगुणानं दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी तिचा हात कोपरातून वाकवून पाहिला, तर तो अडकत अडकत वाकला.

“इंद्रभानजी, गोळी अर्धीच देताय ना?”

“हाव साहेब. अर्धीच.”

बोलताना इंद्रभाननं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बायकोकडे न बघता टोपीच्या घडीशी चाळा करत बसला.

इंद्रभान चिखलीच्या धान्यबाजारात मापारी होता. बाजारात किलोचे काटे येऊ घातले होते, तरी खेड्यापाड्यातले म्हातारे शेतकरी अजून त्याच्या पायलीवरच विसंबून असत. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. इंद्रभानचा ‘लाभ’ असा खणखणीत, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कळावं, रास मोजायला लागली. आणि हाच माणूस आज दवाखान्यात बसून धडधडीत खोटं बोलत होता.

“मग मला हे उलगडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळी निम्मी केली तेव्हा हात सैल पडले होते. आता पुन्हा गप्प, पुन्हा झापड. आजारच उलटला म्हणायचा. पूर्ण गोळी सुरू करू. नाहीच फरक पडला, तर पुन्हा नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागेल.”

नागपूर म्हटल्याबरोबर चांगुणानं पदर मुठीत घट्ट धरला. इंद्रभानला ते दिसलं. तरी त्याचं तोंड उघडेना.

गोळी निम्मी झाल्यावर थोड्याच दिवसांत चांगुणा चुलीपाशी गुणगुणायला लागली होती. शेजारच्या बनाबाईनं भिंतीवरून हाक दिली, “काय व चांगुणे, गाऊन राह्यली?” बनाबाईला आनंद झाला होता. इंद्रभानला मात्र तो टोमणा वाटला. पहिल्यांदा आजार आला तोही गाण्यानंच. तेव्हा ती रात्र रात्र गात गल्लीबोळांतून फिरली होती, आणि तिला धरून आणताना त्याची अब्रू चव्हाट्यावर आली होती. पुन्हा तेच होईल, या भीतीनं त्यानं आपल्या मनानंच गोळी पूर्ण केली. संध्याकाळी अर्धी गोळी तो तिच्या हातावर द्यायचा. उरलेली अर्धी सकाळी चुरून तिच्या चहात टाकायचा, वर गूळ जास्तीचा. गाणं थांबलं. तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं, आणि आता त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

“साहेब,” चांगुणा जड जिभेनं म्हणाली, “आजार नाई उलटला. सकायची चाय कडू राह्यते.”

डॉक्टरांनी इंद्रभानकडे पाहिलं. त्याच्या कानशिलांची आग झाली.

“तुले मालूम होतं?” तो कसाबसा म्हणाला. “मंग काऊन बोलली नाई?”

“येडीचं कोन आयकते? अन् तुमचं माप तं कोनी दुसऱ्यांदा मोजत नाई.”

मग त्यानं तिच्या गाण्याचं आणि चहातल्या गोळीचं सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“गायच्या तेव्हा रात्री झोपायच्या?”

“हाव.”

“जेवण?”

“पोटभर.”

“कामात लक्ष?”

“बनाबाईसंग तुरी निवडाले जाये.” इंद्रभान टोपीकडे बघत म्हणाला. “हासे बी.”

“मग तो आजार नव्हता, इंद्रभानजी. त्या बऱ्या होत होत्या.” डॉक्टरांनी चष्मा पुसला. “पुन्हा अर्धीपासून सुरू करू. पुढे पाव. एकदम बंद करायची नाही, आपल्या मनानं वाढवायची नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, तर लगेच या. आणि त्यांना बनाबाईंकडे जाऊ द्या. तेही औषधच आहे.”

दोघं घरी आले. दिवेलागणीला चांगुणानं पानाच्या डब्यातला अडकित्ता मागितला. गोळी पाटावर धरून तिनं स्वतःच तिचे दोन तुकडे केले. एक तळहातावर घेऊन ती नवऱ्याकडे बघत राहिली.

ती कशाची वाट बघतेय हे त्याला कळलं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

“लाभ,” चांगुणाच म्हणाली, आणि गोळी गिळली.

मग उरलेला तुकडा तिनं त्याच्या हातावर ठेवला.

“हा तुमच्यापाशी राहू द्या. उद्याच्या संध्याकायचा.”

इंद्रभाननं मूठ मिटली. मान वर करून तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.