बेंबीची जागा

"खूण खाली घ्या ना सिस्टर, अजून थोडी खाली," यशश्री म्हणाली. "पँटच्या आत झाकली जाईल अशी."

प्रेमाअक्कांनी निळं पेन हातातच धरून ठेवलं. खाटेवर यशश्रीची नऊ वर्षांची मुलगी निधी फ्रॉक छातीशी गोळा करून बसली होती. ती जन्मली तीच मूत्राशय पोटावर उघडं घेऊन. पहिल्या ऑपरेशनात ते आत गेलं, बेंबी तेवढी गेली. आणि लघवी काही तिच्या ताब्यात आली नाही. उद्या डॉक्टर अपेंडिक्सची वाट करून ती मूत्राशयापासून पोटावर आणणार होते. वाटेचं तोंड नव्या बेंबीत लपणार. दर तीन-चार तासांनी त्यातून बारीक नळी घालून लघवी काढायची, की डायपर सुटला.

त्या बेंबीची खूण आदल्या दिवशी करायची, हे प्रेमाअक्कांचं काम. मल्लेश्वरमहून बसनं येऊन एकवीस वर्षं त्या तेच करत होत्या. निजवून खूण करायची नाही, हा त्यांचा नेम. निजलेलं पोट सपाट असतं. घडी कुठे पडते ते बसल्यावर कळतं.

यशश्रीचं म्हणणं साधं होतं. मुलगी मोठी होईल, साडी नेसेल, लग्न होईल. कुणाकुणाला एक्स्प्लेन करत बसायचं? नऊ वर्षांत तिनं डायपर कधी सासूलासुद्धा बदलू दिला नव्हता.

अक्का सहसा सांगत नसत, ते त्यांनी सांगितलं. एका आईचं ऐकून त्यांनी अशीच खाली खूण केली होती. ती जागा घडीखाली गेली. मुलगी आता कॉलेजात आहे, पण तिला स्वतःला ते तोंड दिसत नाही. नळी घालायला आईच जाते, रोज दोनदा, कॉलेजात.

"ती आई साठीची झाली हो," अक्का म्हणाल्या. "पुढे कोण जाणार?"

मग त्या निधीकडे वळल्या.

"पुट्टी, तू सांग. बसल्यावर कुठवर दिसतं?"

निधीनं मान वाकवून पाहिलं, बोट ठेवलं. "इथे. दोन करता येतील का? एक नुसती खेळायला."

"स्वल्प थांब, आधी एक नीट होऊ दे." अक्कांनी बोटाच्या टोकाभोवती गोल काढला आणि हातात सरावाची नळी दिली. "जा, शाळेच्या बाथरूममध्ये बसशील तशी बसून बघ. नळी नुसती टेकवायची. हात पोचतो का, सांग मला."

यशश्री सवयीनं मागे निघाली. निधी दारात वळली.

"आई, तू नको."

आतून कडी लागली. यशश्री दाराशी उभी राहिली. हातात ओल्या पुसण्यांचं पाकीट होतं. त्यातली एक तिनं अर्धी ओढून काढली होती. ती तिनं हळूच परत आत ढकलली.