पुस्तकातली आग्नेस

देवरावांची नात दीपा नर्सिंगला लागली, ते साल २०२३. त्याच साली बिशपांनी चर्चचा मोठा धर्मग्राम तोडून झरीकडच्या अकरा गावांना वेगळा फादर दिला. जुनं बाप्तिस्म्याचं पुस्तक नव्यात उतरवायचं ठरलं. नवे आलेले फादर नयन हे तांड्यावर बसून एकेक नाव विचारू लागले, आणि चाळीस वर्षं चर्चचे प्रचारक राहिलेल्या देवरावांचा जीव थाऱ्यावर राहिना. चप्पल घालायची, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं.

तिसऱ्या दिवशी लालीबाईची पाळी आली.

"हिरासिंगची बायको, आग्नेस," फादर वाचता वाचता थांबले. "आजी, ह्या तर शहाण्णव साली वारल्या."

"मंग मी कोन हावो?" लालीबाई देवरावांकडे वळली; प्रचारकाला तांडा मास्तरच म्हणे. "मास्तर, मेल्या बाईच्या हातचा चहा पेले तुमी सकाळी. गोड लागला काय?"

सगळे हसले. लालीबाई हसली नाही. "फादर, मले हिरासिंगच्या बाजूची माती पायजे. पुस्तकात मेली असन तं कब्रस्तानात मले कोन घेईन?"

"पुरावा लागेल, आजी."

देवराव उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. लालीबाई आणि तिची जाऊ मैनाबाई यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला होता. जुन्या फादरांनी नव्या नावांच्या दोन चिठ्ठ्या देवरावांच्या हाती दिल्या. त्यांना तेव्हा अक्षर येत नव्हतं, विचारायची लाज वाटली. लालीबाईची 'आग्नेस' लिहिलेली चिठ्ठी मैनाबाईला गेली. तांड्यात त्या नावांनी कोणी हाक मारलीच नाही. मैनाबाई वारली तेव्हा देवरावच सांगून आले, आग्नेस गेली. फादरांनी तसं लिहिलं. पुढे पन्नाशीत ते चर्चच्या सिस्टरांकडे वाचायला शिकले. एकदा पुस्तक उघडलं, चूक दिसली, आणि पुस्तक मिटलं.

"पुरावा मी हाय, फादर," देवराव म्हणाले, आणि सगळं सांगितलं. "मले तवा वाचता येत नोतं."

"अन् वाचता आलं तवा?" लालीबाईनं विचारलं.

"तवा जास्त लाज वाटली."

"इतकी वर्सं मले मारून ठेवलं, अन् रोज चहाले हजर."

देवरावांनी लिहून दिलं, सही केली. कागद बिशप हाऊसला गेला. तिकडून मंजुरीची चिठ्ठी येईना, इकडे लालीबाईनं खाट धरली. देवराव रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहत.

चिठ्ठी फेब्रुवारीत आली. फादरांनी चूक खोडली आणि पेन देवरावांच्या हाती दिला. त्यांनी आग्नेसच्या ओळीसमोर लिहिलं, जिवंत. पुढल्या महिन्यात त्याच ओळीसमोर त्यांना पुन्हा लिहावं लागलं:

आग्नेस, म्हणजे लालीबाई, हिरासिंगची बायको, १९ मार्च २०२४ रोजी वारली. माती नवऱ्याच्या बाजूला.